बोलण्यातलं मीठ : लक्ष्मीबाई टिळक

होस्टेलला नवीन आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मिळतात. रूम नंबर, मेसचं कार्ड आणि टोपणनाव. पहिल्या दोन दरवर्षी बदलतात, तिसरं मात्र डिग्री हातात पडेपर्यंत सुटत नाही. कोणी जाडा, कोणी काळा, कोणी बोलताना अडखळणारा, कोणी मराठी मीडियमचा, कोणाचा हेल खानदेशी तर कोणाचा अस्सल वऱ्हाडी. चेष्टेला विषय काय कमी आहेत? आणि समोरचा रागावलाच तर आपलं उत्तर तयार असतं. गंमत केली रे, एवढं मनावर काय घेतोस!

या उत्तराचा मला नीट विचार करायला लावला तो शाळेची पायरीही न चढलेल्या एका बाईने. लक्ष्मीबाई टिळक हे नाव आपल्याला नवीन नाही. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला एखादा उतारा कित्येकांनी शाळेत वाचला असेल आणि परीक्षा संपल्यावर विसरूनही गेला असेल. मीही हे पूर्ण पुस्तक वाचलं ते इंजिनिअरिंगला आल्यावर, सबमिशनच्या दिवसांत. एक पान वाचून झोपायचं असं ठरवून घेतलं आणि पहाटेपर्यंत हसत बसलो. मधेमधे घसाही दाटून आला. त्या बाईंची ही ओळख.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर गावचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणत. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या प्रसंगाचा मनूच्या वडिलांनी असा धसका घेतला की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू विटाळलेली, म्हणून ती धुवायची. धान्य धुवायचं हे समजू शकतं, पण या घरात मीठसुद्धा धुऊन घेत. आता मीठ धुतल्यावर उरणार किती हे सांगायला केमिस्ट्रीचा तास लागत नाही!

हा प्रसंग वाचताना आपण हसतो. पण लक्ष्मीबाई कुठंही वडिलांना वेडा म्हणून मोडीत काढत नाहीत. त्या वागण्याने घरातल्या बायकामुलांचे किती हाल झाले ते त्या लपवत नाहीत, तरी त्या सोवळ्यामागे भेदरलेला एक माणूस होता, हेही वाचकाला विसरू देत नाहीत. आपण माणसाला हसतोय की त्याच्या वागण्यातल्या विसंगतीला, या दोन गोष्टी त्या वेगळ्या ठेवतात.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, मनूचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं आणि तिची लक्ष्मी झाली. टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला ते हेच. माणूस विलक्षण बुद्धिमान, संस्कृतचा जाणकार, दयाळू आणि तितकाच तापट. एका गावी, एका नोकरीत फार दिवस टिकायचं नाही. घरात न सांगता निघून जायचं आणि मनात आलं की परत यायचं. किराण्याला म्हणून घेतलेले पैसे वाटेत कोणाची अडचण दिसली की तिथंच संपायचे. अशा माणसाबरोबर संसार म्हणजे महिनाअखेरीला मेसचं बिल भागवणाऱ्या आपल्या रूम पार्टनरसारखी कायमची कसरत.

लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडूनच. मराठी लिहाय-वाचायला आलं, बाकी शिकण्याचे बेत बहुतेक अर्धवट राहिले. त्या फजितीची वर्णनं त्यांनी स्वतःच रंगवून केली आहेत.

टिळक नागपुरात असताना त्यांचा धर्माचा शोध सुरू होताच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो अभ्यासाला घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला न सांगता.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. पदरात दत्तू हा लहानगा मुलगा. त्या काळी नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे बाईच्या दृष्टीने तो जिवंत असून नसल्यासारखा. सौभाग्यवती म्हणावं तर घर नाही, विधवा म्हणावं तर नवरा धडधाकट. त्या बहिणीच्या आधाराने पंढरपूरला राहिल्या. नवरा-बायको जवळजवळ पाच वर्षं वेगळे होते. रडणं, आजारपण, नातेवाइकांचे सल्ले, लोकांची कुजबूज असं सगळं झालं. याच काळात त्या कविता करू लागल्या. पत्रांची ये-जा मात्र चालू राहिली.

अखेर त्या मुलाला घेऊन अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं चालू. एकाच घरात एक ख्रिस्ती नवरा आणि एक कर्मठ बायको. या संसारातली ओढाताण त्या अशी सांगतात की हसू आवरत नाही. आणि हसू येतं ते बहुतेक वेळा त्यांच्यावरच, कारण सोवळं सांभाळताना आपली कशी त्रेधा उडाली ते त्या हातचं न राखता सांगतात.

मग राहुरीला असताना एका रात्री त्यांनी स्वतःशीच विचार केला. माणूस देवाने केला हे खरं, पण जाती कोणी केल्या? उत्तर सापडल्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. ज्या घरात मीठ धुतलं जात होतं, त्या घरातल्या मुलीने केवढी मजल मारली पाहा! जात सोडण्याचा हा निर्णय आधी झाला, बाप्तिस्मा नंतर. तो १९०० साली राहुरीलाच झाला.

आता प्रश्न पडतो की हसणं आणि ख्रिस्ती धर्म यांचा संबंध काय? मी चर्चमध्ये वाढलेला नाही. पण हे पुस्तक वाचल्यावर कुतूहल म्हणून नवा करार चाळला. त्यात जिभेबद्दल बरंच काही सापडलं. याकोबाच्या पत्रात जिभेची तुलना जहाजाच्या सुकाणूशी केली आहे. जहाज अवाढव्य, सुकाणू एवढंसं, पण दिशा तेच ठरवतं. कंट्रोल सिस्टिम शिकणाऱ्याला हे पटायला वेळ लागणार नाही. तिथंच पुढे जिभेला रानभर आग लावणारी ठिणगीही म्हटलं आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल घाणेरडं बोलणं आणि टवाळी टाळायला सांगतो. आणि कलस्सैकरांना लिहिताना तोच म्हणतो की तुमचं बोलणं कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केलेलं असावं. म्हणजे अळणी बोला असं तो सांगत नाही. बोलण्याला चव हवी, फक्त ती समोरच्याच्या जखमेवर चोळण्यासाठी नको.

गंमत अशी की इफिसकरांच्या पत्रात टवाळी या अर्थाने आलेला ग्रीक शब्द ॲरिस्टॉटलने चांगल्या अर्थाने वापरला होता. त्याच्या मते एका टोकाला विदूषकी करणारा, दुसऱ्या टोकाला कधीच न हसणारा रूक्ष माणूस आणि या दोघांच्या मधे योग्य तेवढा विनोद करणारा शहाणा. पौलाच्या पत्रात तो शब्द बदनाम झाला आणि तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती पंडिताने त्याला पुन्हा सद्गुणांत बसवलं. मनालाही शरीरासारखी विश्रांती लागते, आणि विनोद ही ती विश्रांती, असं त्याचं म्हणणं. तेव्हा हसावं की नाही यावर ख्रिस्ती लोकांतही बराच वाद झालेला आहे. पण कोणावर हसावं याबद्दल येशूचा एक दृष्टान्त अगदी स्पष्ट आहे, आणि तो मराठीत तर म्हणीसारखा वापरला जातो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्याने आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ पाहावं. डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याचं कुसळ काढायला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. हासुद्धा विनोदच की!

लक्ष्मीबाईंचा विनोद याच जातीचा आहे. त्या मुसळापासून सुरुवात करतात आणि ते मुसळ त्यांचं स्वतःचं असतं. मी कशी अडाणी, मी कशी भित्री, मी कशी हट्टी, हे सांगून झाल्यावरच त्या इतरांकडे वळतात.

इथं कोणी म्हणेल की, अहो, त्या नवऱ्यावर तर पानोपानी हसतात! बरोबर आहे. टिळकांचा विसराळूपणा, उधळेपणा, संताप यांवर त्या भरपूर हसतात. मग त्यांचं हसणं आणि आपली होस्टेलची टिंगल यांत फरक काय? मी यावर बरंच डोकं खाजवलं आणि मला दोन फरक दिसले.

पहिला फरक म्हणजे कोण कोणावर हसतंय. त्या काळच्या घरात सगळी सत्ता नवऱ्याची. न विचारता धर्म बदलणारा तो, भोगणारी ती. अशा वेळी तिच्याजवळ दोन मार्ग होते. शिव्याशाप द्यायचे किंवा गप्प बसायचं. लक्ष्मीबाईंनी तिसरा मार्ग काढला. हसत हसत खरं सांगितलं. दुबळ्याने बलवानावर केलेला विनोद धाडसाचा असतो. बलवानाने दुबळ्यावर केला तर त्याला कसलं धाडस लागतं? फोर्थ इयरच्या मुलाने फर्स्ट इयरच्या मुलाची मेसमध्ये सगळ्यांसमोर उडवली, तर त्या मुलाला हसण्यावाचून पर्यायच नसतो. तो हसतो म्हणजे त्याला गंमत वाटली असं नाही.

दुसरा फरक असा, की ज्याच्यावर हसायचं त्याचा मोठेपणाही त्या तितक्याच मोकळेपणाने सांगतात. घरातलं शेवटचं नाणं देऊन टाकणारा टिळक हा त्यांच्या डोक्याला ताप होता, आणि त्यांच्या दृष्टीने देवमाणूसही होता. पुस्तक मिटल्यावर टिळकांबद्दलचं आपलं प्रेम वाढलेलंच असतं. चेष्टा संपल्यावर समोरच्या माणसाची किंमत आपल्या मनात वाढली की कमी झाली, हीच मला वाटतं विनोदाची टेस्टिंग मशीन.

लक्ष्मीबाईंना कुठं थांबायचं तेही कळत होतं. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी नगरला राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. त्यांचे रुसवे-फुगवे, त्यांचा लहरीपणा हे सगळं त्या मजेत सांगतात. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आपल्याकडे चिखलीला रेल्वे नाही, पण मलकापूरला गाडी धरून जळगावकडे जाणाऱ्या मित्रांनी भुसावळ सुटल्यावर खिडकीतून पाहावं. जळगावच्या अलीकडे भादली लागतं. या मृत्यूपाशी येताना लक्ष्मीबाईंची लेखणी एकदम शांत होते. पुढे एकच वर्षाने, ९ मे १९१९ ला, टिळकही मुंबईत वारले. त्याआधी त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला होता आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. तिथंही लक्ष्मीबाई आपलं दुःख विनोदाखाली झाकत नाहीत. सगळ्याच गोष्टींवर हसणाऱ्याला मुळात काही जाणवतं की नाही अशी शंका येते. त्यांच्याबद्दल ती कधी येत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या या बाईने मग काय केलं? मुंबईला मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम पत्करलं. म्हणजे आपल्या भाषेत रेक्टर! होस्टेल कसं चालतं, पोरी कशा भांडतात, जेवणावरून कशा कुरकुरतात, हे सगळं त्यांनी पाहिलं. (आमच्या रेक्टर सरांनी हे वाक्य वाचावं ही विनंती. आपलं क्षेत्र किती थोर आहे बघा!) टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं, ते दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेत न गेलेल्या बाईने महाकाव्य पुढे न्यायचं म्हणजे केटी लागलेल्या मुलाने पीएच.डी. करण्यासारखंच झालं.

टिळकांचं चरित्र लिहिण्यासाठी मुलाला, देवदत्तला, आठवणी हव्या होत्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली. आधी ‘संजीवनी’ साप्ताहिकात ती येत गेली आणि मग १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपाने निघाली. चौथा भाग मात्र लक्ष्मीबाईंना पाहता आला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. पुस्तकाची भाषा अगदी ओट्यावर बसून बोलावं तशी. १९५० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी केलेलं नवं भाषांतर आलं. शंभरीकडे निघालेलं हे पुस्तक अजून खपतं आहे.

मला सगळ्यांत जास्त आश्चर्य कशाचं वाटलं सांगू? या बाईला दोन्हीकडून लागलं होतं. सनातनी नातेवाइकांचे बोल ऐकले, आणि नव्या समाजात रुळतानाही कमी ठेचा लागल्या नाहीत. हिशेब चुकवायला यापेक्षा चांगली संधी कोणती? लेखणी हातात, वाचक समोर, आणि ज्यांना उत्तर द्यायचं त्यांतले बरेच जण हयातही नाहीत. पण पुस्तकात विष नाही. धर्म बदलला म्हणून जुन्या धर्मातल्या माणसांची टर उडवली नाही आणि नव्यातल्यांची खोटी स्तुतीही केली नाही. जे झालं ते सांगितलं, फक्त शब्द तोलून. इतकं भोगून इतकं हसणं आणि इतकं हसूनही कोणाला न बोचणं, हे मला तरी मोठ्या साधनेचं काम वाटतं.

आता पुन्हा आपल्या कट्ट्यावर येऊ. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. त्यात रॅगिंग म्हणजे काय ते सांगताना मारहाणीबरोबर चिडवणं आणि थट्टामस्करीचे प्रकारही धरले आहेत. ॲडमिशनच्या वेळी आपण सगळे त्याच्या हमीपत्रावर सही करतो, न वाचता. पण माझं म्हणणं कायद्याच्या भीतीचं नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा दुसऱ्या गावच्या एका कॉलेजात होता. बोलताना अडखळायचा. त्याची नक्कल करणारे चांगले मित्रच होते, त्याला नोट्सही तेच द्यायचे. तो त्यांच्यासोबत हसायचा. हळूहळू त्याने ओरलला बोलणं सोडलं, मग मेसला जाणं सोडलं. खोलीत बिस्किटं खाऊन राहायचा. दुसऱ्या सेमिस्टरला तो गावी गेला तो परत आलाच नाही. कोणी त्याला हात लावला नव्हता. तक्रार करावी तर कशाची? मित्र खरोखरच गंमत करत होते. आजही त्यांना विचारलं तर तो का गेला हे त्यांना सांगता येणार नाही.

मग काय हसायचंच नाही? तसं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. हसणं बंद झालेलं होस्टेल म्हणजे लोडशेडिंगमधलं होस्टेल. लक्ष्मीबाईंनी इतकं हसून दाखवलं की हसणं पाप आहे असं त्यांचं पुस्तक वाचलेल्याला वाटणं शक्य नाही. माझी सूचना एवढीच आहे की विनोदाचा पहिला बळी आपण व्हावं. स्वतःचे मार्क, स्वतःचं इंग्रजी, स्वतःचा पहिला प्रेझेंटेशनचा दिवस, हा केवढा साठा आहे प्रत्येकाजवळ! ज्याला परत बोलता येणार नाही त्याच्यावर विनोद करू नये. जात, रंग, बापाची गरिबी, अंगातलं व्यंग या गोष्टी कोणी निवडून घेतलेल्या नसतात, त्यांना हात लावू नये. आणि समोरच्याचं हसू ओठांवरच थांबलंय, डोळ्यांत पोचलं नाही, असं दिसलं की तिथंच थांबावं. यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. शब्दांना धन मानणारे तुकोबा आपले आहेत, आणि गंमत म्हणजे टिळकांना ख्रिस्ताकडे जाणारी वाटही तुकोबांच्याच अभंगांतून सापडली, असं ते मानत.

आपल्या लायब्ररीत टेक्स्टबुकांच्या रांगा संपल्या की मागे मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. चावी काउंटरवर मागितली की मिळते. ‘स्मृतिचित्रे’ तिथंच वरून दुसऱ्या फळीवर आहे. परीक्षा संपल्यावर घेऊन जा. परीक्षेच्या आधी नेऊ नका, नाहीतर माझ्यासारखं सबमिशन राहील! आणि वाचून झालं की वेळेवर परत करा, माझ्या मागे दोघांचा नंबर आहे.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी